वायूचा दगड : काळ्या पाषाणाची परीक्षा



तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी विहीर खोदताना बाहेर काढलेला दगडांचा ढीग नक्कीच पाहिला असेल. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय दाद न देणारा काळा पाषाण. शेती नसली तरी हरकत नाही. पन्हाळ्याला किंवा जोतिबाला जाताना रस्त्यासाठी जिथे डोंगर कापला आहे तिथे थोडे थांबा. कापलेल्या काळ्या दगडात वाटाण्याएवढी, बोराएवढी, क्वचित लिंबाएवढी भोके दिसतील. त्यांतली पुष्कळशी पांढऱ्या, चकाकणाऱ्या खड्यांनी भरलेली असतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने असाच एक दगड आणून टेबलावर ठेवला आणि विचारले, "सर, हे पांढरे काय असते?" आम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणून एका खड्यावर थेंब टाकला. काहीच झाले नाही. शेजारच्या खड्यावर टाकला, तर तो फसफसू लागला! असा फसफसून निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते, हे तुम्ही शाळेत पाहिलेले आहे. तो वायू म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड. पहिला खडा झिओलाइट जातीचा होता, दुसरा कॅल्साइटचा. त्या कॅल्साइटच्या पोटात तो वायू कितीतरी काळ दगड होऊन स्वस्थ बसला होता.

यातून तीन प्रश्न निघतात. वायू दगडात बसतो कसा? आपण तो मुद्दाम बसवू शकू का? आणि बसवला, तर तो खरोखरच बसला हे ओळखायचे कसे? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. आजचा हा पाठ मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

हा खटाटोप कशासाठी?

१९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड नियमितपणे मोजण्यास सुरुवात झाली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे ३१५ रेणू होते. आज ही संख्या ४२० च्या वर गेली आहे. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, म्हणून त्याचे प्रमाण वाढू न देणे आवश्यक आहे. कोळसा व तेल कमी जाळणे, सूर्य व वारा यांपासून वीज घेणे, हा त्यावरचा मुख्य उपाय. पण काही धंदे असे आहेत की त्यांत इंधन बदलूनही हा वायू निघतोच. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो बाहेर पडतो.

आपल्या कोल्हापूर भागातले उदाहरण घ्या. साखर कारखान्याच्या आसवनीत मळी आंबवून अल्कोहोल करतात. या क्रियेत १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो. म्हणजे एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो वायू, आणि तोही बहुतांशी शुद्ध! कोळशाच्या धुरात मात्र तो नायट्रोजनमध्ये मिसळलेला असतो आणि वेगळा काढायला बराच खर्च येतो. शिवाय उसाने हा कार्बन हवेतूनच घेतलेला असतो. तो कायमचा जमिनीत गेला, तर हवेतला साठा खरोखरच थोडा घटेल. म्हणून 'जमिनीत पुरणे' ही कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

आठशे मीटर खाली काय होते?

एक टन कार्बन डाय-ऑक्साइड साध्या दाबाला पाचशे घनमीटरांहून अधिक जागा व्यापतो. तुमच्या शाळेतील तीन वर्ग त्याने भरून जातील. एवढा वायू ठेवायचा कुठे?

इथे दाब आपल्या मदतीला येतो. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. खडकातील फटी पाण्याने भरलेल्या असतात, त्यामुळे ८०० मीटर खोलीवर दाब सुमारे ८० वातावरणे होतो. कार्बन डाय-ऑक्साइडचा क्रांतिक दाब सुमारे ७३ वातावरणे आणि क्रांतिक तपमान ३१ अंश सेल्सियस. या दोन्हींच्या वर तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही नाही. वायूसारखा फटींतून शिरतो, पण घनतेने द्रवाच्या जवळ असतो. वर तीन वर्ग भरणारा तो एक टन वायू तेथे साधारण दीड घनमीटरात, म्हणजे दोनशे लिटरच्या सात-आठ पिंपांत मावतो.

पण अडचण अशी की एवढा दाबूनही तो पाण्याहून हलकाच असतो. पाण्याखाली धरलेला चेंडू जसा वर येऊ पाहतो, तसा तो वाट मिळाली की वर सरकतो. त्याला अडवायला माथ्यावर चिकणमातीसारख्या अभेद्य खडकाचे झाकण लागते. नॉर्वेजवळ उत्तर समुद्राच्या तळाखाली स्लाइप्नर येथे १९९६ पासून हीच रीत वापरली आहे. वाळूच्या खडकात वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास वायू सोडला गेला आणि भूकंपमापनासारख्या कृत्रिम लहरींनी तो खाली कसा पसरतो याची चित्रे वेळोवेळी घेतली गेली. तेथे झाकण हेच कुलूप.

काळ्या पाषाणाचे कुलूप वेगळ्या जातीचे आहे. तो वायूला कोंडत नाही, वायूचाच दगड करतो.

दगडाचे रसायन

गोटी सोड्याची बाटली आठवा. सोडा म्हणजे पाण्यात दाबाखाली विरघळवलेला कार्बन डाय-ऑक्साइड. पाण्याशी संयोग होऊन त्याचे सौम्य कार्बोनिक आम्ल बनते. हे आंबट पाणी काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, फटींतून फिरू लागले की ते खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह थोडेथोडे विरघळवते. तसे करताना आम्लाचा जोर संपतो. मग पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट यांची गाठ पडते :

कॅल्शियम + कार्बोनेट → कॅल्शियम कार्बोनेट (कॅल्साइट)

आपल्या विद्यार्थ्याने आणलेला पांढरा खडा हाच.

आता एक हिशेब करू. एक घनमीटर बेसाल्टचे वस्तुमान सुमारे २९०० किलो असते. त्यात कॅल्शियम ऑक्साइड साधारण दहा टक्के धरले, तर ते २९० किलो होते. कॅल्शियम ऑक्साइडचे ५६ भाग कार्बन डाय-ऑक्साइडचे ४४ भाग बांधतात. म्हणून २९० × ४४ ÷ ५६ = सुमारे २२८ किलो. एका घनमीटर दगडात सव्वादोन क्विंटलांहून अधिक वजनाचा वायू! दख्खनचा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी किलोमीटरहून अधिक भरते. कागदावर गुणाकार केला, तर साऱ्या जगाचा धूर इथे मावेल.

पण मित्रहो, इथेच सावध व्हायचे. हा गुणाकार कागदावरचा आहे.

प्रयोगशाळा का पुरत नाही?

प्रयोगशाळेत बेसाल्टची पूड करून ती दाबाखालच्या सोडावॉटरमध्ये ठेवता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत आणि मुंबईच्या आयआयटीत दख्खनच्या पाषाणावर या दिशेने काम झाले आहे. क्रिया घडते, हे अशा प्रयोगांतून कळते. पण पूड म्हणजे खडक नव्हे. खडीसाखरेचा खडा आणि पिठीसाखर एकाच वेळी पाण्यात टाका. पदार्थ एकच, पण पिठीसाखर लगेच विरघळते, कारण तिचा पृष्ठभाग कितीतरी अधिक असतो. अखंड पाषाणात पाणी फक्त भोकांच्या आणि भेगांच्या भिंतींना स्पर्श करते. त्या भिंती किती, भेगा एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत, आणि पांढरा थर साचू लागल्यावर त्या बुजून तर जाणार नाहीत ना, हे चमचाभर पुडीवरून सांगता येत नाही.

हे आपल्या शेतकऱ्यांना पुस्तकाविनाही ठाऊक आहे. एकाच्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी लागते आणि बांधापलीकडे शेजाऱ्याची बोअर चारशे फूट जाऊनही कोरडी राहते. खडक तोच, भेगा वेगळ्या. दख्खनचा पाषाण हा एकावर एक वाहून थिजलेल्या लाव्हाच्या प्रवाहांची चळत आहे. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट असतो, माथा भोकाळ असतो, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये कधी कधी तांबड्या गेरूसारख्या मातीचा थर असतो. घट्ट भाग झाकणाचे काम करील आणि भोकाळ भाग कोठीचे. पण अमुक ठिकाणी कोणता भाग किती आणि कसा आहे, हे भोक पाडून, थोडा वायू सोडून आणि वाट पाहूनच समजते. यालाच क्षेत्रचाचणी म्हणतात.

आइसलंडमधील जमाखर्च

बेसाल्टमधील अशी पहिली गाजलेली चाचणी आइसलंडमध्ये झाली. तेथील हेलिशेडी या भूऔष्णिक वीजकेंद्राजवळ 'कार्बफिक्स' नावाच्या प्रकल्पात २०१२ च्या जानेवारी ते मार्च या काळात १७५ टन कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळवून ४०० ते ८०० मीटर खोलीच्या बेसाल्टमध्ये सोडण्यात आला. विरघळवण्यात एक शहाणपण आहे. सोडावॉटर साध्या पाण्याहून किंचित जड असते. त्यामुळे ते वर येऊ पाहत नाही आणि झाकणाची काळजी कमी होते.

आता आपला तिसरा प्रश्न. अर्धा किलोमीटर खाली अंधारात काय चालले आहे हे पाहायला कोण जाणार? शास्त्रज्ञांनी जमाखर्च मांडला. खाली जाणाऱ्या पाण्यात त्यांनी दोन खुणा मिसळल्या. पहिली, सल्फर हेक्झाफ्लोराइड. हा अतिशय अलिप्त वायू आहे. दगडाशी त्याचे काही देणेघेणे नाही. दुसरी, कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनची अल्पशी मात्रा. जमिनीतून निघणाऱ्या त्या वायूत कार्बन-१४ जवळपास नसतोच, म्हणून ही खूण सोडलेल्या कार्बनची ओळख पटवायला उत्तम. मग काही अंतरावरच्या दुसऱ्या भूविवरातून, म्हणजे निरीक्षण-विहिरीतून, पाणी उपसून दोन्ही खुणा वेळोवेळी मोजल्या.

यातली युक्ती समजण्यासाठी मनाने सोपे आकडे घेऊ. समजा, सोडलेल्या पाण्यात दोन्ही खुणा १००-१०० मात्रा होत्या. निरीक्षण-विहिरीत अलिप्त वायू १० मात्रा सापडला. याचा अर्थ तिथल्या पाण्यात एक दशांश पाणी आपले आणि बाकीचे जमिनीतले. कार्बनचेही नुसते पाणीच वाढले असते, तर कार्बन-१४ ची मात्राही १० भरली असती. पण ती भरली अर्धी! मग साडेनऊ मात्रा वाटेत गेल्या कुठे? तो कार्बन वायू होऊन वर निसटला असेल का? तसे झाले असते, तर पाण्यात आणखी कमी विरघळणारा तो अलिप्त वायू आधी निसटला असता. तो तर जागेवर आहे. म्हणजे कार्बन वाटेतच दगडाला लागला. साडेनऊ भागिले दहा, म्हणजे ९५ टक्के.

आकडे मी सोपे केले आहेत, पण रीत हीच होती आणि निष्कर्षही हाच निघाला. सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिज झाला होता. हा निष्कर्ष २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा क्रियेला शेकडो, हजारो वर्षे लागतील असा तोवर सर्वसाधारण समज होता.

मौज पुढेच आहे. चाचणी सुरू झाल्यावर सुमारे ५५० दिवसांनी निरीक्षण-विहिरीतील पाण्यात बुडवलेला पंप बंद पडला. वर काढून पाहतात तो काय, त्यावर कॅल्साइटची पुटे चढलेली! आपल्याकडे जड पाण्याच्या बंबात जशी खपली धरते, तशीच. त्या कॅल्साइटमध्ये कार्बन-१४ सापडला. जमाखर्चाने जे सांगितले होते त्याचा पुरावा बिघडलेल्या पंपानेच वर आणून दिला. पंप बिघडल्यामुळे काही महिने मोजमाप थांबले होते, पण आपली यंत्रे बंद पडल्याचा असा आनंद फार थोड्या संशोधकांना झाला असेल.

दुसरी साक्ष

एका साक्षीवर निकाल देऊ नये. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वॉलुला येथे कोलंबिया नदीच्या खोऱ्यात दख्खनसारखाच लाव्हाच्या प्रवाहांचा पाषाण आहे. तेथे २०१३ च्या उन्हाळ्यात ९७७ टन कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात न मिसळता, दाबलेल्या स्थितीतच, ८२८ ते ८८७ मीटर खोलीवरील भोकाळ थरांत सोडला. दोन वर्षांनी विवराच्या भिंतीतून दगडाचे छोटे नमुने कापून वर आणले. त्यांच्या भोकांत अँकेराइट या कार्बोनेट खनिजाच्या बारीक गाठी दिसल्या. त्यांच्यातील कार्बनची समस्थानिके तपासली, तेव्हा ती तेथील जुन्या नैसर्गिक कॅल्साइटशी जुळली नाहीत. ती जुळली सोडलेल्या वायूशी. आइसलंडने पाण्याचा हिशेब तपासला, वॉलुलाने प्रत्यक्ष दगड.

आपल्या पायाखाली

मग दख्खनमध्ये उद्याच सुरुवात का करू नये? आपल्या पाषाणाबद्दल काही गोष्टी आता नीट कळल्या आहेत, पण त्या दुसऱ्याच कामातून. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ प्रतीचा भूकंप झाला. कोल्हापुरापासून कोयनानगर सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर. तुमच्या आजी-आजोबांना ती पहाट आठवत असेल, विचारून पाहा. तेथील भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र शासनाने कराडजवळ हजारमाची येथे प्रयोगशाळा उभारली आणि त्या परिसरात खोल भूविवरे खणली. २०१७ साली पूर्ण झालेले गोठणे येथील विवर तीन किलोमीटर खोल आहे. त्यात सुमारे १२४७ मीटरांवर काळा पाषाण संपला आणि थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. मध्ये वाळूच्या खडकाचा थर नाही. दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसा काळा पाषाण पातळ होत जातो. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात तर त्याच्याखालचे जुने खडक उघडे पडलेले दिसतात. म्हणजे जाडी सर्वत्र सारखी धरून केलेला गुणाकार इथेच चुकतो.

कोयनेचा दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. ओल्या ओट्यावर गरम वाटी पालथी ठेवली की ती कधी कधी आपोआप सरकते. आतली हवा तापून प्रसरण पावते, वाटीला किंचित उचलते, आणि घर्षण कमी होते. जमिनीतील जुन्या भेगेचेही तसेच आहे. फटींतील पाण्याचा दाब वाढला की भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर कमी दाबल्या जातात आणि आधीच ताणाखाली असलेली भेग घसरू शकते. कोयनेच्या भूकंपांचा धरणाच्या पाण्याशी संबंध याच तत्त्वाने लावला जातो. वायू सोडणे म्हणजेही दाब वाढवणे. म्हणून भूकंपप्रवण पट्टा टाळणे, दाब बेताचा ठेवणे आणि चोवीस तास भूकंपमापके चालू ठेवणे, हे पथ्य पाळलेच पाहिजे.

याउलट साक्षही आहे. जपानमधील नागाओका येथे २००३ ते २००५ या काळात १०,४०० टन वायू वाळूच्या खडकात सोडण्यात आला. चाचणी चालू असतानाच, २३ ऑक्टोबर २००४ रोजी, सुमारे २० किलोमीटरांवर ६.८ प्रतीचा मोठा भूकंप झाला. काम थांबवले, विहिरी तपासल्या, गळती आढळली नाही, आणि मग काम पुन्हा सुरू केले. भीती बाळगू नये आणि गाफीलही राहू नये, असा याचा अर्थ.

गळतीची काळजी कशासाठी करायची? हा वायू हवेच्या दीडपट जड असतो आणि खोलगट जागी साचतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तुम्ही ऐकून असाल. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. आधी कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर आत माणूस जगणार नाही. १९८६ साली कॅमेरून देशातील न्योस सरोवराच्या तळाशी साचलेला हा वायू एकाएकी उसळला आणि सुमारे १७०० माणसे गुदमरून गेली. तेव्हा चाचणीच्या जागेजवळच्या गावाला काय चालले आहे हे आधी समजावून सांगणे आणि विहिरींचे पाणी नियमित तपासणे, हा चाचणीचाच भाग आहे. तो उपकार नव्हे.

पांढऱ्या खड्याचा दुसरा अर्थ

आता पुन्हा आपल्या विद्यार्थ्याच्या दगडाकडे वळू. त्यातील पांढरा खडा पाहून आपण म्हणालो की आपला पाषाण वायूला धरून ठेवू शकतो. ते खरेच आहे. पण तोच खडा आणखी एक गोष्ट सांगतो. ते भोक आता रिकामे राहिलेले नाही!

आइसलंडचा पाषाण भूशास्त्राच्या दृष्टीने कालपरवाचा, अजून भोकाळ. कोलंबियाचा बहुतांश पाषाण सुमारे दीड कोटी वर्षांचा. दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांहून जुना. या अवधीत झिरपत्या पाण्याने त्याच्या भोकांत झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट आणि चिकणमाती भरून ठेवली आहे. आपल्या पाषाणाची लायकी दाखवणारा खडाच त्यातली जागा किती उरली आहे याबद्दल शंका उत्पन्न करतो. खोलवर भोकाळ थर किती मोकळे आहेत? त्यांतून पाणी वाहते का? याचे उत्तर आइसलंडमध्ये मिळणार नाही आणि वॉलुलातही नाही. ते इथेच, या मातीत भोक पाडून मिळवावे लागेल. दख्खनच्या बाबतीत आजवरचे काम मुख्यतः प्रयोगशाळेत आणि नकाशावर झाले आहे. भारतात वायूच्या साठवणुकीसाठी भूविवर खणण्याचे काम एनटीपीसीने २०२५ साली हाती घेतले, पण ते झारखंडमधील पकरी बरवाडीह या कोळशाच्या क्षेत्रात. तो खडक वेगळा.

आणि प्रमाणाचे भान सुटू देऊ नका. एक हजार मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र पूर्ण चालले, तर ताशी सुमारे ९०० टन कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. कार्बफिक्सचे ते पहिले १७५ टन म्हणजे अशा केंद्राचा जेमतेम बारा मिनिटांचा धूर. शिवाय आइसलंडच्या रीतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. तेच पाणी खालून उपसून पुन्हा वापरता येते, पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा आकडा आधी सांगावा लागेल. कोळसा वाटेल तितका जाळावा आणि धूर पुरत बसावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. जिथे वायू निघणे टळत नाही, तिथे हा उपाय कदाचित कामी येईल. 'कदाचित' हा शब्द काढून टाकायचा की 'नाही' असे लिहायचे, हे ठरवण्यासाठीच क्षेत्रचाचणी असते. चाचणीचा निकाल 'नाही' असा आला, तरी ती फसली असे होत नाही. पुढच्या हजारो टनांची चूक तिने वाचवलेली असते.

पुढच्या वेळी विहिरीचा ढीग दिसला की एक दगड उचलून भोके मोजा. भरलेली किती, रिकामी किती? संशोधकही आपल्या नमुन्यांकडे पाहताना याच प्रश्नापासून सुरुवात करतात.

करून पाहा

१. निरनिराळ्या ठिकाणचे काळ्या पाषाणाचे दहा तुकडे गोळा करा. प्रत्येकावर चौरस सेंटिमीटरांची जाळी आखून भरलेली व रिकामी भोके मोजा आणि तक्ता करा. शिक्षकांच्या देखरेखीखाली पांढऱ्या खड्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकेक थेंब टाका. फसफसणारे किती, न फसफसणारे किती?

२. अंड्याचे टरफल घ्या. त्याचे सारख्या वजनाचे दोन भाग करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्याची पूड करा. दोन्ही सारख्याच व्हिनेगारमध्ये टाका आणि फसफसणे संपायला लागणारा वेळ मोजा. फरकाचे कारण लिहा.

स्वाध्याय

१. जमिनीखाली १२०० मीटरांवर फटींतील पाण्याचा दाब सुमारे किती वातावरणे असेल?

२. एका आसवनीत रोज ६०,००० लिटर अल्कोहोल तयार होते असे माना. रोज किती टन कार्बन डाय-ऑक्साइड निघेल? आइसलंडच्या रीतीने तो सारा खाली सोडायचा, तर रोज किती लिटर पाणी फिरवावे लागेल?

३. निरीक्षण-विहिरीत अलिप्त वायू २० मात्रा आणि कार्बन-१४ चार मात्रा सापडला. सोडताना दोन्ही १०० मात्रा होते. किती टक्के कार्बनचा दगड झाला?

४. वरील उदाहरणात अलिप्त वायूची खूण मिसळलीच नसती, तर कोणती चूक झाली असती? पाच ओळींत लिहा.

उत्तरे : (१) सुमारे १२० वातावरणे. (२) ४५ टन. ११ लाख २५ हजार लिटर. (३) ८० टक्के. (४) या प्रश्नाचे उत्तर वर्गात चर्चा करून ठरवा.